तारेचं दुसरं टोक

आज गोंदियातल्या एखाद्या राईस मिलच्या, दवाखान्याच्या किंवा वकिलाच्या कचेरीत नवा माणूस कामाला आला की तो आधी वायफायचा पासवर्ड विचारतो. आमच्या पिढीतला माणूस कामाला लागला की आधी तार कुठून गेली आहे ते बघून घ्यायचा. भिंतीवरच्या पांढऱ्या केसिंगपट्टीचा माग काढत गेलं की शेवटी कपाटाच्या माथ्यावर एक चपटी पेटी सापडायची. तिच्यावर जितके दिवे, तितकी यंत्रं चालू. जितके लुकलुकणारे, तितकी माणसं कामात. आता जाळं सगळीकडे आहे आणि दिसत कुठेच नाही. तेव्हा ते मोजक्याच ठिकाणी होतं, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसायचं.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. त्या सुमारास इथल्या बहुतेक छोट्या कचेऱ्यांत एकच संगणक असायचा, आणि जिथे दोन असत तिथे त्यांच्यामध्ये फ्लॉपी घेऊन धावणारा एक मुलगा असायचा. मिलच्या फाटकाजवळ वजनकाटा, तिथे एक संगणक. आत मुनीमजींच्या खोलीत दुसरा. धानाच्या ट्रकचं वजन फ्लॉपीत बसून अख्खं आवार ओलांडून आत यायचं. त्या फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावायचे, आणि कोंड्याच्या धुळीत ती केव्हा दगा देईल याचा नेम नसायचा. पण त्या फेरीत तो मुलगा फाटकावरची खबरही आणायचा. कोणत्या गावचा माल आलाय, धान ओलं आहे का, बाहेर किती गाड्या उभ्या आहेत, हे सगळं वजनाच्या आकड्यासोबत आत यायचं.

आता तेच वजन काट्यावरून थेट खात्यात उतरतं. कपाटावरच्या तशाच पेटीतून, म्हणजे आजच्या साध्या गिगाबिट स्विचमधून, १.४४ मेगाबाइट जायला साधारण सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. हेलपाटा वाचला, खराब फ्लॉपीची धास्ती गेली, आकडे पुन्हा टिपण्यातल्या चुका गेल्या. मुनीमजींना वजन लगेच कळतं. ओल्या धानाची गोष्ट मात्र त्यांना आता मुद्दाम उठून विचारावी लागते.

फ्लॉपीनंतर तार आली. सुरुवातीची तार काळी, जाडसर, टीव्हीच्या केबलसारखी. एकाच तारेवर सगळी यंत्रं टी-जॅकनं ओवलेली, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर. मधला एक जॅक सैल झाला की सगळी कचेरी बंद. मग हब आला. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत निघाले, आणि आमगाव, तिरोडा, देवरीकडच्या कितीतरी मुलामुलींनी एकमेकांना जोडलेले संगणक पहिल्यांदा पाहिले ते अशाच वर्गांत. हबचं काम गावातल्या दवंडीचं होतं. निरोप एकासाठी असला तरी जायचा सगळ्यांच्या दारात. ज्याचा असेल त्यानं घ्यायचा, बाकीच्यांनी सोडायचा. दोन यंत्रं एकाच वेळी बोलली की निरोप एकमेकांवर आदळायचे, मग दोघंही थांबून पुन्हा प्रयत्न करायची. १० मेगाबिटचा वेग सगळ्यांत मिळून एकच. एकानं मोठी फाइल ओढायला घेतली की अख्खा वर्ग मंदावायचा आणि मागच्या रांगेतून हाक यायची, “कोण डाउनलोड करतंय रे?”

स्विचनं ही ओढाताण संपवली. कोणत्या पोर्टवर कोणतं यंत्र आहे हे तो स्वतःच शिकतो, टिपून ठेवतो आणि निरोप फक्त त्याच पोर्टवर धाडतो. प्रत्येक तारेला तिचा पूर्ण वेग मिळतो, जाताना वेगळा, येताना वेगळा. १९९० च्या सुमारास ‘कल्पना’ नावाच्या अमेरिकी कंपनीनं पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. तो सात पोर्टचा होता, कंपनीच्या संस्थापकांत विनोद भारद्वाज होते, आणि १९९४ मध्ये सिस्कोनं ती कंपनी विकत घेतली. त्या वेळी जी वस्तू मोठ्या कंपन्यांनाच परवडायची, ती आज पाच पोर्टची, गिगाबिट वेगाची, हजार रुपयांच्या आसपास मिळते. आता कुणाच्या डाउनलोडनं शेजारच्याचं काम फारसं अडत नाही. म्हणून ‘कोण रे’ असं कुणी विचारतही नाही.

तेव्हा सामान आणायला पॅसेंजरनं नागपूर गाठायचं, सीताबर्डीत दुकानं पालथी घालायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या वर, तेही एका हबसाठी आणि मूठभर जॅकसाठी. मग बैठक मारून क्रिम्पिंग. तारेचं वरचं आवरण सोलायचं, जोड्यांचे पीळ सोडवायचे, आठ बारीक तारा चिमटीत सरळ करायच्या आणि क्रम लावायचा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम आम्हाला झोपेतून उठवून विचारला तरी यायचा. दोन संगणक थेट जोडायचे तर क्रॉस केबल, हबला जोडायचं तर सरळ केबल. गल्लत झाली की दिवा लागायचा नाही. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीनं लागले की सगळ्यांचे चेहरे खुलायचे. पाचवा चुकला की जॅक कापून टाकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता तयार पॅच कॉर्ड मिळते, आणि सरळ की क्रॉस हे स्विच आपलं आपण ओळखतो. निवड करायची राहते ती पेटीची, आणि तिथे घाई करू नये. पाच पोर्टमधला एक राउटरकडे जातो, म्हणजे हाती चारच राहतात. दोन संगणक, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर लावला की पेटी भरली. म्हणून घरासाठी पाच ठीक, कचेरीसाठी आठचाच घ्यावा. फायबरचं कनेक्शन १०० मेगाबिटच्या वरचं असेल तर जुन्या १०० च्या स्विचमधून त्याचा पूर्ण उपयोग होत नाही, गिगाबिटच हवा. गिगाबिटला तारेतल्या चारही जोड्या लागतात. जुन्या वेगाला दोनच पुरायच्या, त्यामुळे उरलेल्यांपैकी एखादी जोडी तुटली तरी तेव्हा काम भागायचं. आता वेग अचानक घसरला तर आधी जॅक आणि तार तपासावी. तारही शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण लांबवर टिकाव धरत नाही. कॅमेऱ्यांना त्याच तारेतून वीज द्यायची असेल तर पीओई स्विच लागतो, आणि तो एकूण किती वॅट देऊ शकतो ते आधी बघावं लागतं. मूळ मानकाप्रमाणे एका पोर्टवर १५.४ वॅटपर्यंत वीज मिळू शकते, पण सगळ्या पोर्टवर एकदम तेवढी मिळेलच असं नाही.

आपल्या भागाच्या दोन गोष्टी खोक्यावर लिहिलेल्या नसतात. साध्या स्विचच्या माहितीपत्रकात बहुधा ४० अंशांपर्यंतचीच हमी असते, आणि गोंदियात मे महिन्यात बाहेरचा पारा त्याच्या वर जातो. म्हणून धातूच्या पेटीचा घ्यावा, बंद कपाटात कोंडू नये, कोंडा उडतो तिथे उघडा ठेवू नये. दुसरी गोष्ट विजेची. तांब्याची तार १०० मीटरपर्यंतच चालते, आणि फाटकापासून कचेरीपर्यंत उघड्यावरून नेलेल्या अशा तारेतून पावसाळ्यातल्या कडकडाटात पोर्ट जळतात. दोन इमारतींमध्ये फायबर टाकावी. तिच्यातून वीज येत नाही आणि अंतराचीही अडचण राहत नाही.

तेव्हा एवढं सगळं लावून झालं तरी काम पुरं व्हायचं नाही, जोवर पिंग मारला जात नाही. वहीत प्रत्येक यंत्राचा पत्ता लिहिलेला असायचा, १९२.१६८ नं सुरू होणारा. एक जण या खोलीत, दुसरा त्या खोलीत. इकडून आवाज जायचा, “मार पिंग!” क्षणभर शांतता. मग तिकडून, “रिप्लाय आला!” किंवा पडलेल्या आवाजात, “टाइम्ड आउट.” खोल्या जोडल्या गेल्या हे आम्हाला पडद्यावरून कळायच्या आधी भिंतीपलीकडच्या माणसाच्या आवाजातून कळायचं. आज आम्हाला सगळ्यात जास्त चुटपूट लागते ती या हाकेची.

आता स्विच लावला की दिवा लागतो आणि काम सुरू होतं. पत्ते आपोआप वाटले जातात, वही लागत नाही, दुसऱ्या खोलीत माणूस उभा करावा लागत नाही. हे चांगलंच झालं. आणि हे म्हणताना आमच्या हुरहुरीकडे आम्हाला नीट बघायला हवं. त्या हाकांची गोडी आम्हाला वाटते, कारण आम्ही खुर्चीवर होतो. दारात रांग होती. तिच्यात कुणी सातबाऱ्यासाठी सालेकशाहून सकाळच्या गाडीनं आलेलं होतं, कुणाच्या मुलीच्या प्रवेशअर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती. आम्ही आनंदानं तारा सोलत होतो तेव्हा त्यांची दिवसाची मजुरी बुडत होती. त्यात भारनियमन. आमच्या आठवणीत ती चहाची वेळ आहे. त्यांच्या आठवणीत तो रिकाम्या हातानं परतण्याचा दिवस आहे. जुने दिवस चांगले होते असं त्यांच्यासमोर आम्हाला म्हणवणार नाही.

तरीही एक गोष्ट त्या दिवसांसोबत जायला नको होती. कोणती तार कुठे जाते हे तेव्हा कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक असायचं. आज जाळं बिघडत नाही तोवर कुणालाच ते ठाऊक नसतं, आणि बिघडलं की तालुक्याच्या ठिकाणाहून माणूस येईपर्यंत सगळे हात बांधून बसतात. साध्या स्विचमध्ये एकाच तारेची दोन्ही टोकं चुकून लावली गेली तर निरोप गोल गोल फिरत राहतात आणि सगळं जाळं ठप्प होतं. उपाय एवढाच की ती तार उपसायची. पण ती नेमकी कोणती, हे सांगणारा कुणी हवा.

म्हणून स्विच नवाच घ्यावा, वेगवान घ्यावा, दोन पोर्ट जास्तीचे ठेवून घ्यावा, आणि तो लावताना जुना विधी पाळावा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी: काटा, मुनीमजी, प्रिंटर, कॅमेरा. कागदावर नकाशा काढून पेटीजवळ चिकटवावा. आणि शेवटी एकदा, गरज नसली तरी, दुसऱ्या खोलीत माणूस उभा करून पिंग मारावा, म्हणजे कचेरीत निदान दोघांना रस्ता माहीत राहील. आमच्या हौसेखातर हे करू नये. पुढच्या वेळी जाळं पडेल तेव्हा दारातल्या रांगेला आमच्या काळाइतकं थांबावं लागू नये, यासाठी करावं.