चाकांवरचे बिऱ्हाड

आमच्या कारंज्याला प्रवासाचे वावडे कधीच नव्हते. नृसिंहसरस्वतींचा जन्म या गावचा. पण पुढे काशीत संन्यास, मग औदुंबर, नरसोबाची वाडी आणि अखेर गाणगापूर, असे त्यांचे आयुष्य वाटचालीतच गेले. दूर देशीचा कोणी व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून आला आणि इथल्या एकाच सावकाराने ती सगळी विकत घेऊन वाड्याच्या बांधकामात कालवली, अशीही गोष्ट गावात सांगतात. १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंज्याहून जी लूट नेली ती चार हजार बैलांवर आणि गाढवांवर, असे इतिहासकार लिहितात. गावातला सर्वांत बडा सावकार तेवढा म्हणे बायकी वेषात निसटला! पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ अशी धावणारी आमची चिमुकली शकुंतला आली. मँचेस्टरला १९२१ साली घडवलेले तिचे वाफेचे एंजिन १९९४ पर्यंत राबत होते. आता तीही थांबली आहे, आणि गावाजवळून समृद्धी महामार्ग सुसाट पळतो आहे.

अशा या गावात, आमच्या माजघरात, गेले तीन महिने जो बेत शिजतो आहे तो मात्र उंटांच्या तांड्यालाच जवळचा. येत्या मे महिन्यात आम्ही पाच जण अमेरिकेतल्या वाळवंटी दऱ्यांतून हिंडणार आहोत, आणि तेही बिऱ्हाड बरोबर घेऊन. मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू तिकडेच राहतात. हे आणि मी इथून जाणार. गाडी भाड्याची. तिला तिकडे कॅम्पर म्हणतात. आत ओटा, शेगडी, फ्रीज, झोपायच्या फळ्या आणि मोरी. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसे आमचे चाकांवर.

“मे महिन्यात वऱ्हाडातून उठून वाळवंटात जाणार? इथलं ऊन पुरत नाही का?” शेजारच्या काकूंनी विचारलेच. प्रश्न चुकीचा नव्हता. पण वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळू आणि खजूर येतात. हे वाळवंट उंचावरचे आहे. ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून उंच, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. ब्राइस कॅनियन तर त्याहूनही वर. तिथे मे महिन्यातही रात्री पाणी गोठते. दरीच्या तळाशी मात्र आपल्यासारखीच भट्टी. तेव्हा एकाच पेटीत लोकरीचे कपडे आणि सुती पंचा, दोन्ही भरायचे आहेत.

मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. नदी दगड कसा कापते, हे फळ्यावर खडूने काढून दाखवताना ग्रँड कॅनियनचे नाव किती वर्गांपुढे घेतले असेन! मुलांना अंदाज यावा म्हणून मी सांगत असे, आपले कळसूबाई शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर. ते उलटे करून या दरीत घातले तर जवळजवळ सगळे मावेल. दरीची लांबी ४४६ किलोमीटर आणि रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर. कोलोरॅडो नदीने ती कोरायला सुमारे पन्नास-साठ लाख वर्षे घेतली. पण तळाचा खडक पावणेदोनशे कोटी वर्षांच्या घरातला. आपल्या पायाखालचा काळा पाषाण, ज्याने वऱ्हाडला काळी माती दिली, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे तिकडच्या खडकापुढे आमचा दख्खन अगदीच तान्हा!

आणि त्या तळखडकाचे नाव काय? विष्णू शिस्ट. मला हे नाव प्रथम वाचनात आले तेव्हा छपाईची चूक वाटली होती. क्लॅरेन्स डटन नावाचा एक सैन्यातला भूगर्भशास्त्रज्ञ तिकडे गेला आणि दरीतून वर आलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या प्रचंड सुळक्यांना पाहून त्याला पूर्वेकडच्या देवळांची आठवण झाली. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात विष्णू मंदिर आणि शिव मंदिर ही नावे आली. मग ब्रह्मा, बुद्ध, मनू असे सगळेच येऊन बसले. ही गोष्ट मी सासूबाईंना सांगितली. त्यांचे वय चौऱ्याऐंशी. त्या म्हणाल्या, “मंग थो काही परदेस नोहे.”

बेताची खरी ओढाताण सुरू झाली ती मुलाच्या यादीवरून. त्याने पाठवलेल्या कागदावर अकरा दिवसांत नऊ ठिकाणे होती. युटा राज्यातली पाचही राष्ट्रीय उद्याने, म्हणजे झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, आर्चेस आणि कॅनियनलँड्स. शिवाय ग्रँड कॅनियन, मॉन्युमेंट व्हॅली, अँटिलोप कॅनियन आणि जाता जाता डेथ व्हॅली. मला अष्टविनायकाच्या त्या यात्रा-गाड्या आठवल्या, ज्यांतून उतरलेल्या माणसाला कोणता गणपती कुठे होता ते सांगता येत नाही. आणि आमच्या घरात आणखीही एक कारण होते. गेल्या वर्षी ह्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवली. डॉक्टरांनी विमानप्रवासाला परवानगी दिली, सपाटीवर चालायला दिली, पण उंचावर पहिले दोन दिवस दमाने घ्या, चढ टाळा, असे बजावले. जुन्या दुखण्याला प्रवासाचा विमा सहसा पुरता उतरत नाही आणि तिकडच्या इस्पितळाचा खर्च ऐकला तर धडधाकट माणसाचेही हृदय बंद पडावे.

हे सगळे मुलाला ठाऊक होते. तरीही तो म्हणाला, “आई, पुन्हा कधी येणार तुम्ही? सगळं एकदाच बघून घ्या ना.” त्या वाक्यात काय होते ते मला कळले. म्हणून मी त्याच्याशी वाद घातला नाही. नकाशा घेऊन बसले. सहा ठिकाणे गेली. डेथ व्हॅलीचे नाव ऐकूनच ह्यांनी स्वतः काट मारली. उरली तीन, झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅनियन, आणि दिवस दहा. लास व्हेगासला गाडी घ्यायची आणि तिथेच परत द्यायची. झायनला अडीचशेच्या वर किलोमीटर, तिथून ब्राइस एकशे चाळीसच्या आसपास, ब्राइसहून ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ हा सर्वांत लांब टप्पा, पाचशेच्या जरा अलीकडे, आणि परत लास व्हेगास साडेचारशे. लांब टप्प्यात पेज गावी मुक्काम. अंधार पडल्यावर गाडी हाकायची नाही, कारण हरणे आडवी येतात. सोहोळच्या काळविटांच्या शेजारी राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. त्या उत्तर काठाचाही विचार होता, पण तिथले जुने विश्रामगृह जुलै २०२५च्या वणव्यात जळून गेले.

घड्याळाची एक गंमत या रस्त्यावर आहे. उन्हाळ्यात युटातून ॲरिझोनात शिरले की घड्याळ एक तास मागे. मग नवाहो लोकांचा मुलूख लागतो, तिथे पुन्हा एक तास पुढे. आणि कॅनियनपाशी परत मागे. ह्यांच्या गोळ्यांच्या वेळा कोणत्या घड्याळाने पाळायच्या, हा सुनेचा प्रश्न अगदी रास्त होता. तिनेच तोड काढली: गोळ्यांसाठी एक जुने मनगटी घड्याळ वेगळे ठेवायचे आणि दहा दिवस त्याला कोणी हात लावायचा नाही.

गाडी किती मोठी घ्यावी हा प्रश्न झायनच्या बोगद्याने सोडवला. झायनहून ब्राइसकडे जाणारा हा बोगदा १९३० साली खुला झाला. लांबी पावणेदोन किलोमीटर, आणि बांधणी त्या काळच्या मोटारींच्या मापाची. ११ फूट ४ इंच किंवा त्याहून उंच गाडी त्यातून सहजासहजी जात नाही. मुलाला मोठी, दिवाणखान्यासारखी गाडी हवी होती. बोगद्यामुळे ती बसली नाही, आणि माझ्या मते बरेच झाले. कारण लहान गाडीसुद्धा लिटरमागे चार-पाच किलोमीटरच जाते. शिवाय झायनच्या मुख्य दरीत हंगामात आपली गाडी न्यायचीच नसते. तिथे उद्यानाची बस फिरते, हव्या त्या थांब्यावर उतरा आणि पुढच्या बसने पुढे जा. स्टेंट बसवलेल्या माणसाला यापेक्षा सोयीचे राष्ट्रीय उद्यान कुठले असेल?

पाण्याचा हिशेब मी स्वतःकडे घेतला. आमच्या गाडीत ताज्या पाण्याची टाकी चाळीस गॅलनांची, म्हणजे दीडशे लिटर. खाली दोन टाक्या आणखी, एक धुण्याभांड्याच्या पाण्याची आणि दुसरी मैल्याची. वापरलेले पाणी वाटेत कुठेही सोडायचे नाही. नेमल्या जागीच ओतायचे. म्हणजे येणारे पाणी मोजायचे आणि जाणारेही मोजायचे. मुलगा मला समजावू लागला, “आई, तिथं नळ सोडून भांडी घासता येणार नाहीत.” मी म्हटले, बाळा, टँकर येईपर्यंत एका घागरीत तीन दिवस काढलेल्या बाईला तू हे सांगतोस? वाळवंटात माणशी दिवसाला चार लिटर पाणी नुसते पिण्यासाठी धरावे लागते. पाच माणसांचे वीस. अंघोळी छावणीतल्या न्हाणीघरात किंवा ओल्या पंचाने. भांडी आधी कागदाने पुसून मग घासायची. वरणभात एका कुकरात, पिठले येसर लावून, भाकऱ्या फक्त विजेची सोय असलेल्या मुक्कामी आणि दार उघडे ठेवून. धुराचा इशारा देणारे यंत्र कांद्याच्या फोडणीलाही वणवा समजते म्हणे. मैल्याची टाकी रिकामी करण्याचे काम ह्यांनी मागून घेतले. चढ टाळा म्हटले आहे, हे टाळा म्हटलेले नाही, असे त्यांचे म्हणणे.

त्या प्रदेशात पाणी एकीकडे इतके दुर्मिळ आणि दुसरीकडे तितकेच घातकी. १२ ऑगस्ट १९९७ रोजी पेजजवळच्या अँटिलोप कॅनियनमध्ये, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत अशा चिंचोळ्या घळीत, अकरा प्रवासी पुरात वाहून गेले. त्यांच्या डोक्यावर पाऊस नव्हता. तो मैलोगणती दूर पडला होता. आपल्याकडे नाल्याला लोंढा येतो तसाच. नातवाला ही घळ पाहायचीच आहे. ती आमच्या वाटेवर आहे आणि वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत. त्या दिवशीचे आभाळ आणि वाटाड्याचा शब्द, दोन्ही पाहून ठरवायचे, एवढ्यावर तूर्त मिटले आहे.

ब्राइसविषयी मी नातवाला फोनवर सांगते तेव्हा तो हसून लोटपोट होतो. तिथे वस्ती करणारा एबेनेझर ब्राइस हा सुतार. गाय हरवायला फार वाईट जागा, असे तो त्या दरीविषयी म्हणायचा, अशी आख्यायिका आहे. खरे तर ती नदीने कापलेली दरीच नव्हे. रात्री पाणी फटींत गोठते, फुगते, दिवसा वितळते, आणि वर्षानुवर्षे हे चालून खडकाचे हजारो नारिंगी खांब उभे राहिले आहेत. काठाकाठाने पाऊण किलोमीटर सपाट रस्ता आहे. ह्यांच्यासाठी तेवढा पुष्कळ.

ग्रँड कॅनियनवर मात्र हे अडून बसले. “काठावरून पाहायची तर पोस्टकार्ड काय वाईट? मला नदीपर्यंत उतरायचंय.” तरुणपणी हे चिखलदऱ्याला भीमकुंडाच्या दरीत उतरत, ते अजून डोक्यात आहे. पण डोंगर आणि दरी यांत फरक असा, की डोंगरात दमलात तर उतरून घरी येता. दरीत दमलात तर घर वर असते. ब्राइट एंजल वाट काठापासून नदीपर्यंत तेराशेहून अधिक मीटर खाली जाते, आणि एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका असे उद्यानवाले धडधाकट तरुणांनाही सांगतात. चार दिवस घरात अबोला होता. शेवटी डॉक्टरांनाच विचारले. त्यांनी नदी साफ नाकारली; पण ह्यांचा चेहरा पाहून, सकाळच्या गारव्यात, दम लागला नाही तर, पंधरा मिनिटे उतरायला मुभा दिली. उतरायला जेवढा वेळ तेवढ्याच्या दुप्पट वेळ चढायला धरावा, असा तिथला नियम आहे. तेव्हा पंधरा मिनिटे खाली, तीस मिनिटे वर. घड्याळ नातवाच्या हातात राहील आणि त्याने “आजोबा, वळा” म्हटले की वळायचे, असे ह्यांनी कबूल केले आहे. माझे त्यांनी ऐकले नसते.

उरला प्रश्न सासूबाईंचा. तीन आठवडे त्यांना एकटे सोडून जायचे माझ्या जिवावर आले होते, आणि खरे सांगायचे तर बेत दोनदा मोडला तो त्यासाठीच. अमरावतीच्या वन्सं राहायला येते म्हणाल्या, पण त्यांचाही संसार आहे. शेवटी सासूबाईंनीच पानदान बाजूला सारून निकाल दिला: “मले काय धाड भरली? जा तुमी. पोरगा बोलावते तवा जाव.”

छावणीच्या जागा सहा महिने आधी उघडतात, म्हणजे आमच्या मेच्या तारखांसाठी बरोबर दिवाळीच्या सुमारास. तिकडे सकाळ तेव्हा इकडे दिवेलागण झालेली असते. मुलगा तिकडे यंत्रापुढे बसेल, मी इकडे फोनवर तारखा वाचेन. परदेशी पाहुण्यांना २०२६ पासून वर्षाचा पास अडीचशे डॉलरचा झाला आहे, आणि पास नसेल तर मोठ्या अकरा उद्यानांत माणशी शंभर डॉलर जादा. आमची तिन्ही त्या अकरांत आहेत. तोही आकडा वहीत चढला आहे.

सासूबाईंनी एकच मागणे केले होते. “विष्णूच्या डोंगराचा एक खडा आणजो, देवघरात ठेवाले.” मला सांगावे लागले की तिथून खडासुद्धा उचलायला कायद्याने बंदी आहे. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, बरं आहे, सगळ्यांनी एकेक आणला असता तर डोंगर राहिला नसता. आणि ह्यांच्या गोळ्यांची डबी कोणत्या पिशवीत ठेवणार, ते विचारू लागल्या.