जुना तलाव, नवा तलाव



माणसाच्या अंगी ज्या विद्या असाव्यात त्यांत पोहण्याची विद्या काहीशी निराळी आहे. एकदा शरीरास साधली की ती जन्मभर विसरत नाही. आणि साधली नसेल तर ऐन गरजेच्या क्षणी ती शिकावयास अवसर मिळत नाही. आपला खानापूर तालुका तर नद्यांचे माहेर. मलप्रभा कणकुंबीस उगम पावते, म्हादई याच तालुक्यातील डोंगरांत जन्म घेऊन गोव्याकडे जाते. अशा मुलखातील मुलांना पोहता येऊ नये, ही खचित विचार करण्याजोगी गोष्ट आहे. पूर्वी हे शिक्षण गावच्या विहिरीत होई. कमरेला सुके भोपळे बांधून वडीलधारी मंडळी मुलांना पाण्यात सोडीत. आता घरोघर नळ आले, पुष्कळ विहिरींवर जाळ्या बसल्या, आणि ते काम आपसूक शाळांकडे आले.

माझे शालेय शिक्षण गोव्यात झाले. आमच्या कोंकणीत पोहण्याला ‘पेंवप’ म्हणतात. शाळेच्या मागील बाजूस २५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल असा एक जुना तलाव होता. त्याचे गुणगान करावे असे त्यात फारसे काही नव्हते. फरशा उखडलेल्या, पायऱ्या निसरड्या. पाणी शुद्ध करणारे यंत्र नसल्यामुळे आठवड्याच्या अखेरीस तळ दिसेनासा होई, आणि मग सुमारे तीन लाख लिटर पाणी सोडून देऊन तलाव पुन्हा भरावा लागे. ज्या तलावाचा तळ दिसत नाही तो धोक्याचा, कारण बुडणारे मूल काठावरच्या माणसाच्या दृष्टीस पडत नाही. परंतु सहावीच्या वर्गातील प्रत्येक मुलास व मुलीस तेथे शिकविले जाई, आणि त्यासाठी एक पैसाही पडत नसे. मुलींसाठी दोन सकाळी राखून ठेवलेल्या होत्या, म्हणूनच मलाही पोहता आले.

पुढे तो तलाव पाडून तेथे अद्ययावत जलतरण केंद्र उभे राहिले. नवीन तलाव ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल. म्हणजे त्यात २५ लाख लिटर पाणी, जुन्याच्या बरोबर आठपट! तेच पाणी गाळून व शुद्ध करून पुन्हा वापरले जाते, तळ आरशासारखा दिसतो, जीवरक्षक सदैव हजर असतात. या सुधारणांचे मोल मी कमी लेखीत नाही. शेजारच्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ साली बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहला. अशा गुणी मुलांना सरावासाठी पूर्ण लांबीचा तलाव हवाच. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९६५ च्या युद्धात जबर जखमी झाल्यावरही १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक मिळविले. त्यांच्यासारख्यांना जुन्या निसरड्या पायऱ्यांपेक्षा नव्या तलावाचा सोपा उतारच उपकारक.

मग उणे कोठे पडले? नव्या तलावाला उथळ भाग ठेवलेला नाही आणि त्याचे शुल्क सामान्य पालकास परवडत नाही. स्पर्धेचे खेळाडू तेथे घडतात; सहावीचा वर्ग मात्र काठावरच राहिला आहे. तलाव आठपट झाला आणि शिकणारी मुले घटली, याला प्रगती म्हणावे काय?

हा प्रश्न एकट्या त्या शाळेचा नाही. पॅरिसच्या ज्या उपनगरी भागात २०२४ च्या ऑलिम्पिकसाठी भव्य जलक्रीडा केंद्र बांधले गेले, तेथील सहावीत येणाऱ्या सुमारे निम्म्या मुलांना पोहता येत नव्हते. खेळ संपल्यावर ते केंद्र तेथील लोकांसाठी खुले व्हावे, हे आधीच ठरविण्यात आले होते, आणि २०२५ साली ते खुले झालेही. याउलट बांगलादेशात गावतळ्यांतच बांबूचे मचाण बांधून लहान मुलांना पोहणे शिकविले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगभर सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. हा आकडा पाहिला म्हणजे त्या बांबूच्या मचाणाची थोरवी ध्यानात येते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. जुना तलाव पाडून नवा बांधणाऱ्या प्रत्येक शाळेने आपल्या ठरावाचे पहिले वाक्य असे लिहावे: ‘या शाळेतील प्रत्येक मूल सातवी उत्तीर्ण होण्यापूर्वी २५ मीटर पोहेल.’ लांबी, छत, दिवे यांचा विचार त्यानंतर.

आपल्या नंदगडात असा तलाव आज नाही. पण पोहणे शिकण्यास तो होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. बेळगावात केएलई संस्थेचा ऑलिम्पिक लांबीचा तलाव आहे. उन्हाळ्याच्या सुटीत जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली तुमच्यापैकी दहाजण जरी शिकून आले, तरी आरंभ झाला. मात्र एकट्याने नदीत उतरून हे साहस कोणी करू नये. मलप्रभा आपली माता खरी. पण पावसाळ्यात तिच्या मांडीवर बसण्याआधी पोहता आले पाहिजे!