सीट पुढे घे

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. हौस म्हणून नाही. यांचं डायलिसिस सुरू झालं आणि आठवड्यातून दोनदा जयसिंगपूरहून मिरजेला जाणं आलं. जाताना हे स्वतः चालवायचे, पण येताना अंगात त्राण नसायचं. मग कधी पुतण्याला फोन, कधी शेजाऱ्यांना. नाही कुणीच म्हणत नव्हतं, पण विचारताना माझाच आवाज बारीक व्हायला लागला. मुलगी नोकरीला पुण्यात. शेवटी लर्निंग लायसन्स काढलं. ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. तेवढ्यात जमेल, असं वाटलं होतं.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत एक जुनी उशी होती. बुटक्यांनी ती पाठीमागे घ्यायची. माझी उंची चार फूट अकरा इंच, म्हणजे उशी माझीच. पहिल्या दिवशी सीटला हात लावायला गेले, तर सर म्हणाले, "राहू द्या भाभी, पुढच्या बॅचला परत मागे करावी लागते." मी उशी घेतली. वीस दिवसांत गाडी एकदाही बंद पडली नाही. आपण शिकलो, असंच मी समजत होते.

घरी आल्यावर कळलं. स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. माझा पाय कमी पडला की ते गुपचूप आपला क्लच दाबत होते. आमच्या गाडीत तो नव्हता. फजरनंतर मोकळ्या मैदानात आम्ही जायचो, मी बिस्मिल्ला म्हणून चावी फिरवायची आणि गाडी दोन हात पुढे जाऊन धक्का खाऊन बंद. गिअर टाकताना कर्र आवाज. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले. म्हटलं, या वयात नाही होत माझ्याच्यानं.

हे शेजारी बसले होते. त्यांनी वाकून माझ्या पायाकडे पाहिलं. "क्लच बोटांनी दाबतेस. टाच हवेत आहे. सीट पुढे घे."

मी गप्प बसले. सीट त्यांच्या मापाची होती, पाच फूट दहा इंचांच्या माणसाची. नऊ वर्षांत ती कुणी हलवली नव्हती. घरून मी उशी आणली होती, ती याच कारणासाठी. सीट पुढे ओढली म्हणजे ते आता चालवणार नाहीत हे मी ठरवून टाकलं, असं मला वाटत होतं. हे मी त्यांना कसं सांगणार?

त्यांना ते न सांगताच कळलं असावं. म्हणाले, "अगं, खटका आहे तो. पुढे जातो तसा मागेही येतो."

उशी मागच्या सीटवर टाकली. मग त्यांनी एकेक सांगितलं, तेच इथे लिहिते. शिकणाऱ्या बायकांना उपयोगी पडेल.

आधी कंबर पाठीला पूर्ण टेकवून बसायचं. सीटखालचा दांडा उचलून सीट एवढी पुढे घ्यायची की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. खट्ट आवाज आला की अंग पुढेमागे करून सीट घट्ट बसली का ते पाहायचं. पाठ जवळजवळ ताठ. खांदे न उचलता मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. पण छाती स्टिअरिंगपासून निदान दहा इंच तरी लांब हवी, कारण एअरबॅग जोरात उघडते. डोक्यामागचा टेका कानांच्या वरपर्यंत. पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर. आरसे सगळ्यात शेवटी, कारण सीट हलली की आरसेही चुकतात. आणि पाठीमागे उशी नको. ती सरकते, ब्रेक मारताना माणूसही सरकतो.

पुढे मुलीनं सांगितलं की गाड्यांच्या धडक-चाचण्यांत वर्षानुवर्षं सरासरी पुरुषाच्या मापाचा पुतळा बसवत आले, सुमारे १७५ सेंटिमीटर उंच आणि ७८ किलो वजनाचा. मला हसू आलं. मी एकटीच बेढब नव्हते तर.

त्या सकाळी क्लच पहिल्यांदा तळाला गेला. गाडी मैदानाला पूर्ण चक्कर मारून आली. दोन महिन्यांनी लायसन्स मिळालं, आणि एका मंगळवारी मी त्यांना अंकलीच्या पुलावरून घरी आणलं. पूर्ण रस्ता ते झोपले होते.

आता सीट बहुतेक पुढेच असते. एखाद्या रविवारी बरं वाटलं की हे ती मागे सारतात आणि बाजारात जाऊन मटण घेऊन येतात. मंगळवारी मी परत पुढे घेते, खट्ट ऐकते, मग आरसे.