उन्हानं उडवलेली हळद

हळदीचा डाग हे पांढऱ्या सदऱ्याचं जुनं दुखणं. लग्नघरातली हळद उरकली, की दुसऱ्या दिवशी कपडे भिजत पडतात. साबण लावावा तर डाग जायचा सोडून चक्क लाल होतो. घरातली जाणती बाई मात्र निवांत असते. "उन्हात टाका, जाईल," एवढंच म्हणते. कडक ऊन मिळालं, की संध्याकाळी पिवळा गेलेला असतो. चिमट्याखाली दबलेली चिंचोळी पट्टी तेवढी पिवळी राहते.

लाल होणं ही साबणातल्या क्षाराची करामत. पिवळा जातो तो उजेडामुळे. हळदीतलं कर्क्युमिन जांभळे-निळे किरण शोषतं, म्हणूनच ती पिवळी दिसते. पण शोषलेली ऊर्जा त्या रेणूला पचत नाही. त्याची मधली साखळी तुटते आणि फेरुलिक आम्ल, व्हॅनिलिन असे रंगहीन तुकडे उरतात.

जे किरण पोटात घ्यायचे, त्यांनीच रंग मोडायचा!

इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये नेमकं हेच मांडलं. फुलापानांचे रस कागदाला फासून ते उन्हात ठेवत. वर एखादं छापील चित्र ठेवलं, की झाकलेला भाग रंगीत राही आणि उघडा फिका पडे. या चित्रांना अँथोटाइप म्हणतात. त्यांना दिवसच काय, आठवडेही लागत. चांदीच्या क्षारांवरची छायाचित्रं हायपो नावाच्या रसायनानं पक्की होतात, हा मार्गही हर्शेल यांनीच दाखवलेला. पण फुलांच्या रसावर हायपोची मात्रा चालेना. चित्र पाहायला उजेडात आणावं, तर तोच उजेड उरलेला रंगही खाई. आजचे हौशी कलाकार हळदीच्या कागदावर अशी चित्रं काढतात आणि शेवटी टाकणखाराच्या पाण्यात बुडवतात. कागद तांबूस होतो. साबणानं डागाचं होतं तेच.

सगळेच वनस्पतिरंग इतके नाजूक नसतात. युरोपातल्या जुन्या भिंतपडद्यांवर झाडांची पानं निळी दिसतात, ती विणकरांच्या लहरीमुळे नव्हे. हिरव्यासाठी लोकर निळीत आणि एका पिवळ्या वनस्पतिरंगात अशी दोनदा रंगवत. शतकानुशतकांच्या उजेडात पिवळा उडाला, नीळ तगली. पडदा उलटला, तर भिंतीकडच्या बाजूला हिरवा अजून सापडतो. म्हणून संग्रहालयं अशा कापडांवर साधारण 50 लक्सच उजेड सोडतात, आणि काही महिने मांडून झालं की ती गुंडाळून पुन्हा अंधाऱ्या कोठारात ठेवतात.