आजोबांचा डेस्कटॉप

तंजावरच्या हवाई दलाच्या तळावर पोस्टिंग आली, तेव्हा वाटलं, आता मराठी फक्त फोनवर. पण बाजारात एक आजोबा भेटले. व्यंकोजीराजांच्या राज्यापासून त्यांचं घराणं इथलंच. आजी गेल्यापासून घरात मराठी बोलणारं कुणी नाही. आठवतात तेवढे शब्द लिहून ठेवायचे म्हणून त्यांनी नातीचा जुना लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. रॅम 2 जीबी.

रविवारी डेबियन टाकलं. डेस्कटॉप आधी माझ्या सवयीचा घेतला, जीनोम. ब्राउझर उघडला की माउस जागेवरच अडकायचा. केडीई देखणं, पण आजोबांना सेटिंगांचा पसारा नको होता. शेवटी टर्मिनलमधून एक्सएफसीई घेतलं आणि लॉगिनच्या वेळी सेशन बदललं. जीनोम लगेच काढलं नाही. नवं नीट चालल्याशिवाय जुनं मोडू नये. खाली एकच पट्टी, अक्षरं मोठी, लिहायची फाईल समोर. लॅपटॉप पळायला लागला.

हौसेने मी देवनागरी कीबोर्डही बसवला. आजोबा नुसते बघत राहिले. त्यांची शाळा तमिळमधली. देवनागरी त्यांना वाचताच येत नव्हती. मी विचारलंच नव्हतं.

मग मेनू तमिळ, कीबोर्ड तमिळ, शब्द मराठी. त्या लिपीत क आणि ग यांना अक्षर एकच. कुठे काय म्हणायचं, ते आजोबांनाच ठाऊक. म्हणून ते वाचतात आणि मी शेजारी बसून वहीत देवनागरीत उतरवतो. बदलीचा हुकूम कधीही येईल. तोवर एकही रविवार चुकवायचा नाही.