टायर निवडताना

माझ्या वर्गमैत्रिणी मोबाईलच्या कॅमेऱ्यावर तासभर बोलू शकतात. मी सायकलच्या टायरवर बोलू लागले की मात्र त्यांना हसू फुटते. हसोत बापड्या! आमच्या गावाहून कॉलेजच्या वेळेला एस.टी. नाही. सायकल चालली तर कॉलेज, नाहीतर आईबरोबर द्राक्षबागेत मजुरी, असा आमचा सरळ हिशेब आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा टायर हा माझ्या शिक्षणाचाच एक विषय आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होऊ नये.

सायकल मामेभावाने दिलेली, ‘माउंटन बाईक’ जातीची. गेल्या मे महिन्यात तिच्या दोन्ही टायरांचे आतले धागे दिसू लागले. आईने नव्या टायरांसाठी पैसे काढून दिले. चार दिवसांची मजुरी होती ती! एवढ्या पैशांत निवड एकदाच करायची होती. मग मी वाचनालयातल्या संगणकावर बसले आणि टायरांचा अभ्यास सुरू केला.

या सायकलीचा जन्मच मुळी टायरामुळे झाला आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या टॅमलपायस डोंगरावर काही तरुण जुन्या, जडशीळ सायकली घेऊन उतरत. त्यांनी त्या निवडल्या, कारण त्यांना दोन इंच रुंदीचे फुगीर टायर होते. 21 ऑक्टोबर 1976 रोजी त्याच परिसरात ‘रीपॅक’ नावाची शर्यत सुरू झाली. उतार एवढा तीव्र की मागच्या चाकातल्या ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. नाव पडले ते त्यावरूनच.

टायरावरचे आकडेही वाचायला शिकावे लागतात. माझ्या टायरावर 26×1.95 असे होते. पहिला आकडा चाकाच्या बाहेरच्या व्यासाचा, दुसरा रुंदीचा, दोन्ही इंचांत आणि ढोबळ. शेजारी बारीक अक्षरांत 50-559 असते, ते खरे माप. रुंदी 50 मिलिमीटर आणि रिमवर टायर बसतो तिथला व्यास 559 मिलिमीटर. गंमत अशी, की 1.5 आणि 1½ गणितात सारखेच, पण 26×1.5 चा टायर 559 च्या रिमवर बसतो आणि 26×1½ चा 584 च्या! गणिताच्या सरांना हे सांगितले तेव्हा ते पोट धरून हसले.

आता नक्षी. उंच, दूर दूर दाण्यांचा टायर चिखल झटकून टाकतो. पण डांबरावर तेच दाणे वाकतात, घरघरतात, पायांतली शक्ती खातात आणि लवकर झिजतात. गुळगुळीत टायर डांबरावर हलका पळतो, अगदी ओल्या डांबरावरही चालतो. मुरमावर मात्र वळणात दगा देतो. मऊ रबर रस्ता घट्ट धरते, कडक रबर जास्त दिवस टिकते. हवा भरपूर ठोकली की डांबरावर वेग मिळतो. थोडी कमी ठेवली की टायर खड्यांवर दबतो आणि धरून राहतो. फार कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते. एका बाजूने मिळवावे तर दुसरीकडे सोडावे लागते. सर्वगुणसंपन्न टायर कुठल्याच दुकानात नाही.

मी गोंधळले. आप्पा शाळेत चौथीपुढे गेले नाहीत. सारे ऐकून म्हणाले, “कंचा टायर भारी, ते इचारू नगस. आपली वाट कशी हाय, ते बघ.”

मग मी वाटच मोजली. तेरा किलोमीटर. त्यांतले चार पाटाकडेच्या मुरमाचे, मध्ये काळ्या मातीचा लहानसा तुकडा, आणि उरलेले नऊ डांबराचे. काळी माती भिजली की दाट दाण्यांत अशी भरते, की दाणे असून नसल्यासारखे होतात. पण त्या तुकड्यापुरते पावसात उतरून सायकल ढकलता येते. एवढ्यासाठी नऊ किलोमीटर उंच दाणे ओढत का न्यावे?

पुढचे चाक घसरले तर माणूस पडतो. मागचे घसरले तर बहुधा सावरता येते. ब्रेक लावला की भार पुढे येतो, पायडल मारताना तो मागच्या चाकावर जास्त असतो. म्हणून पुढे मध्यम दाण्यांचा, कडेला ठळक दाणे असलेला टायर घेतला, आणि मागे मधोमध सलग पट्टी असलेला, कडक रबराचा. दुकानदार म्हणाले, “ताई, जोडीच न्या. वेगवेगळे वाईट दिसतात.” मी म्हटले, “दिसू द्या, काका.” बाजूवरचा बाण फिरण्याच्या दिशेला आहे, एवढे मात्र त्यांच्याकडून नीट बघून घेतले.

गेला सारा पावसाळा माझा एकही तास बुडाला नाही. बारावीनंतर “आर्ट्सला काय ठेवलंय?” असे विचारणारे पुष्कळ भेटले होते, अजूनही भेटतात. तेव्हा उत्तर सुचत नसे. आता मी त्यांना एवढेच विचारते, “तुम्ही माझी वाट पाहिली आहे का?”