अंगठा देण्याआधी

लांज्याहून आदिवासी वाड्यांच्या पाहणीला निघालेल्या कॉलेजच्या पोरांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: ‘आपलीच तर माणसं!’ भाषा कळते, पाऊस तोच, भाकरीही तांदळाचीच. मला या ‘आपली’चीच धास्ती वाटते.

कातकरी वाडीवर परदेशी पाहुणा आला तर तो परका आहे हे सगळ्यांना दिसतं, त्याला स्वतःलाही. आपण मात्र ठेकेदाराच्या, खोताच्या, तलाठ्याच्या बोलीत बोलत आत शिरतो. कोळशाच्या भट्टीसाठी उचल घेतली की कागदावर अंगठा द्यायचा, हे वाडीतल्या बाईच्या अंगवळणी पडलेलं. त्यामुळे संमतीपत्र वाचून संपायच्या आत तिचा अंगठा पुढे येतो. शाईचं पॅड उघडायलाही उसंत नाही. पोरं खूश, एक फॉर्म झाला! पेन खाली ठेवायची वेळ खरं तर हीच. मला नाही म्हणायची हिला सोय आहे का? माझं आडनाव, पायातले बूट, सोबत आलेले सरपंच, यांतलं काय बघून ही हो म्हणाली?

कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन जमाती सरकारदरबारी विशेष असुरक्षित गटात मोडतात. २०२३ साली अशा गटांसाठी पीएम-जनमन योजना आली, तेव्हा याद्या पुन्हा झाल्या. मोजणारे पुष्कळ. काय मोजलं ते सांगायला परत येणारे विरळाच.

दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःच आचारसंहिता लिहिली. आपल्याकडच्या संस्थांनी ती जरूर वाचावी. पण जवळचंही उदाहरण आहे, लोकांचाच प्रश्न हाती घेणाऱ्या संशोधनाचं. वाडी पिढ्यान्‌पिढ्या एका जागी आणि घराखालची जमीन सातबाऱ्यावर दुसऱ्याच्या नावाने, ही कातकऱ्यांची रोजची टांगती तलवार. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी नेमक्या याच प्रश्नावर काम केलं. त्याचं पुस्तक २०१३ मध्ये आलं. ज्याच्यापायी वाडीला झोप लागत नाही तो प्रश्न हाती घ्यायला प्रबंधाचा विषय बदलावा लागतो, आणि मार्गदर्शकांना ते सहसा रुचत नाही.

तेव्हा लांज्यातल्या, रत्नागिरीतल्या प्राध्यापकांना एक विनंती. यंदा पोरांना वाडीवर पाठवाल, तर अहवाल विद्यापीठात जाण्याआधी वाडीवर मोठ्याने वाचून दाखवा. त्यातलं एखादं पान खोडा म्हणाले, तर खोडा.